वारं सुटल्यावर घोडीवर बसताना

चैत्र लागला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळू लागतात. हेच दिवस वळवाचेही. दुपारी तीन-चारपर्यंत झाडाचं पान हलत नाही, अंगाची लाही लाही होते आणि मग डोंगराच्या अंगाला ढग चढून एकाएकी सोसाट्याचं वारं सुटतं. धुरळा उठतो, मांडवाचं कापड फडफडायला लागतं, भोंग्यावरून येणारा निवेदकाचा आवाज तुटक तुटक ऐकू येतो. गाड्याला बैल जुंपायचं चाललेलं असतं आणि पुढे उभी असलेली घोडी काही केल्या ठरत नाही. मान वर, नाकपुड्या फुललेल्या, पुढचे खूर सारखे उचलून टाकणं चालू. अशा वेळी स्वार लगाम आवळतो, बाजूचा कुणीतरी चाबूक दाखवतो आणि ‘घोडी नखरे करती’ म्हणून सगळे मोकळे होतात.

घोडी नखरे करत नसते. धोका ओळखायची तिची जी साधनं आहेत ती वाऱ्याने काढून घेतलेली असतात आणि ती घाबरलेली असते. एवढं मनापासून पटलं की वाऱ्याच्या दिवशी काय करायचं आणि काय टाळायचं, यातलं निम्मं आपोआप सुचतं. गाड्यापुढे घोडी पळवणारे, लग्नसराईत घोडी देणारे आणि सकाळी हौसेने रपेट मारणारे, अशा तिघांसाठी हे लिहितो आहे. सगळीकडे ‘घोडी’ म्हटलं आहे, कारण आपल्याकडे घाटात आणि वरातीत घोडीच जास्त दिसते. घोड्यालाही हे सारं तसंच लागू आहे.

कान, नाक आणि डोळे

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला शिंगं नाहीत, शिकारी जनावरासारखे सुळे नाहीत. लाथ आहे, पण ती शेवटचा उपाय. धोका दुरून ओळखायचा आणि तो जवळ यायच्या आत पळायचं, हीच त्याची रीत. त्यासाठी त्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात, एक पुढे तर एक मागे. माणसाला ऐकू येत नाहीत असे बारीक उंच आवाजही त्याला ऐकू येतात. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची पट्टी तेवढी सुटते. बारकावे त्याला माणसाइतके स्वच्छ दिसत नाहीत, पण हालचाल मात्र तो लगेच टिपतो. गवतात काही हललं की ते काय आहे हे कळायच्या आधीच त्याचं अंग आक्रसतं.

आता वारं सुटलं असं समजा. पानांची सळसळ, पत्र्याचा खडखडाट, तारांची शिट्टी या सगळ्यात एखादी काटकी मोडल्याचा आवाज बुडून जातो. कान फिरत राहतात, पण त्यांना नेमकं काही सापडत नाही. वास वाऱ्याच्या दिशेने वाहून जातो. मागून वारं असेल तर पुढ्यात काय आहे याचा वास नाकापर्यंत येतच नाही. आणि जे डोळे एका हलत्या गोष्टीवरून धोका ओळखतात, त्यांच्यासमोर एकाच वेळी सगळं शिवार हलायला लागतं. म्हणून घोडी मान उंच करते, अंग ताठ करते आणि पाय तयार ठेवते. तिच्या हिशेबाने हा शहाणपणाच आहे.

आपल्या दोन तालुक्यांत तर तिच्या भीतीला खरा आधार आहे. डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्या रुळला. उसातच त्याची पिल्लं होतात, उसातच तो दिवसभर पडून असतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभं राहिलं ते याच भागात, यावरूनच काय ते समजा. वाऱ्यात ऊस ज्या तऱ्हेने वाजतो तो आवाज जनावर उसातून चालल्याच्या आवाजाहून फारसा वेगळा नसतो. उसाच्या कडेने जाताना घोडी अडली, कान रोखून उभी राहिली, तर तिला टाच मारून पुढे ढकलायची घाई करू नका. तिला काय जाणवलं हे तुम्हाला माहीत नाही. वाऱ्याच्या दिवशी, त्यातही दिवस मावळताना किंवा पहाटे, उसातली पाऊलवाट सोडा आणि उघड्या माळाचा किंवा गाडीरस्त्याचा लांबचा फेरा घ्या. शिंगरू मागे सुटं येत असेल तर असल्या वेळी घोडी बाहेर काढूच नका.

शिवारात काय काय फडफडतं

गेल्या काही वर्षांत आपल्या शेतात प्लास्टिक किती वाढलं हे माणसाच्या लक्षात येत नाही, घोडीच्या बरोबर येतं. नारायणगाव-मंचर पट्ट्यात टोमॅटोचा प्लॉट उठला की मल्चिंग पेपरचे तुकडे बांधावर, बाभळीच्या काट्यांत, विजेच्या ताणतारेला अडकून राहतात. एरवी तो तुकडा मेल्यासारखा पडून असतो. वाऱ्याची एक झुळूक आली की त्याचा सुटा कोपरा चट् चट् वाजतो, काळ्या बाजूची चंदेरी बाजू होते आणि नेमकं तेव्हाच घोडीचं तोंड तिथवर आलेलं असतं. रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताभोवती बांधलेल्या जुन्या साड्या, पाखरांसाठी ताणलेल्या चमकीच्या पट्ट्या, शेडनेटची निसटलेली कड, कांदाचाळीवरचा ढिला पत्रा, द्राक्षबागेवरचा कागद, हे सगळं वाऱ्यात जिवंत होतं.

म्हणून नेहमीच्या रस्त्याने वाऱ्याच्या दिवशी निघायचं असेल तर आधी स्वतः चालत किंवा मोटारसायकलवरून एक चक्कर मारा. कुठे काय लोंबतंय ते बघा, काढता येईल ते काढून टाका. एक गोष्ट इथे ध्यानात ठेवा. जाताना डाव्या हाताला नीट पाहिलेली साडी येताना उजव्या हाताला आली की घोडी पुन्हा बुजते. ‘आत्ता तर बघितली ना’ म्हणून तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूने आलेली वस्तू तिच्यासाठी नवी असते, ती तिला पुन्हा निवांत बघू द्यायची.

वारं किती, हे ओळखायचं कसं

वाऱ्याचा वेग मोजायला यंत्र लागत नाही, शिवारातल्या खुणा पुरतात. पानं नुसती सळसळतात तोवर वारं ताशी दहा किलोमीटरच्या आसपास असतं, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. रस्त्यावरची धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, बारीक फांद्या हलू लागल्या की वेग २० ते २८ किलोमीटर झाला असं धरा. सरावलेली घोडी आणि सरावलेला स्वार असेल तर इथपर्यंत ठीक आहे. पण नवीन घोडी किंवा शिकाऊ मूल असेल तर मी इथेच थांबायला सांगेन. लहान झाडं बुडापासून डोलायला लागली की वारं तीसच्या पुढे गेलं. आता रपेट नको, हातात दोर धरून जमिनीवरचं काम तेवढं करा. विजेच्या तारा शिट्टी घालू लागल्या, मोठ्या फांद्या हलू लागल्या, छत्री धरवेना, तर वेग चाळिशीवर आहे. त्या वाऱ्यात घोडीवर बसू नये. कुणी कितीही तरबेज स्वार असो.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरच आहे. ४५ मीटर व्यासाच्या त्या डिश भरीव पत्र्याच्या न करता जाळीच्या केल्या, ते वारं आरपार जावं म्हणून. आणि वारं फार वाढलं की त्या आभाळाकडे तोंड करून जागच्या जागी ठेवल्या जातात, काम थांबवलं जातं. एवढ्या मोठ्या लोखंडाच्या बाबतीत जी काळजी घेतात ती जिवंत जनावराच्या बाबतीत घ्यायला लाजायचं कारण नाही.

वेगापेक्षाही वाईट असतो तो झोताचा वारा. सारखं एका दिशेने वाहणारं वारं घोडी थोड्या वेळात मान्य करते. मध्येच पडणारं, मध्येच उसळणारं वारं मात्र तिला दर खेपेला नव्याने दचकवतं. वळवाचं वारं असंच झोताचं असतं, म्हणून वैशाखातली दुपार पावसाळ्यातल्या दिवसापेक्षा घोडीला जड जाते. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारं वारं दिवसदिवस एकसारखं लागून असतं. पण पश्चिमेच्या कड्याजवळ त्याचाही भरवसा नाही. नाणेघाटात दरीतून वर येणारं वारं धबधब्याचं पाणी उलटं उडवतं, हे बघायला पावसाळ्यात माणसांची रीघ लागते. जे वारं पाणी वर चढवतं ते स्वाराचा तोल सहज घालवतं. नाणेघाट, माळशेज, दुर्गवाडी, आहुपे अशा कड्यांच्या काठाला जून ते सप्टेंबर या महिन्यांत घोडी नेऊच नये. तिथे बुजून दोन पावलं बाजूला सरकायला जागा नसते.

विजेचं मात्र वेगळं. वारं कितीही कमी असलं तरी गडगडाट ऐकू आला की उतरायचं आणि घरी यायचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडायची शक्यता आधी सांगतं, ते यात्रेच्या दिवसांत फोनमध्ये असू द्या. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाजही बघत जा. वाटेत सापडलातच तर एकट्या झाडाखाली, ताणतारेजवळ किंवा पाण्याच्या काठाला थांबू नका.

निघण्याआधी

वाऱ्याच्या दिवशी घोडी ठाणावरून सोडल्या सोडल्या खोगीर चढवून बसू नका. आधी खरारा करा आणि तेवढ्या वेळात तिच्याकडे बघा. स्वस्थ उभ्या घोडीचा श्वास मिनिटाला आठ ते सोळा असतो आणि नाडी साधारण २८ ते ४४. उभ्या उभ्याच श्वास जोरात चालला असेल, शेपटी दाबून धरली असेल, डोळ्यातलं पांढरं दिसत असेल, तर तिचा जीव आधीच उडालेला आहे. मग दहा-पंधरा मिनिटं दोरावर डाव्या-उजव्या हाताला गोल फिरवा, आधी चालीवर, मग दुडकीवर. मान खाली आली, तोंड चघळायला लागली, एक लांब फुरफुर केली की ती तुमच्याकडे लक्ष द्यायला तयार झाली असं समजा. तिची मान खाली आलीच नाही, तर त्या दिवशी बसायचं नाही.

तंग दोनदा तपासा. वाऱ्यात घोडी पोट फुगवून उभी राहते, चार पावलं चालली की तंग ढिला पडतो आणि बुजून बाजूला उडी मारली की खोगीर फिरतं. अंगावर फडफडणारं काही नको. उपरण्याची टोकं, फेट्याचा शेमला, शर्टाची सुटी बटणं, पाठीवर हलणारी पिशवी, सगळं आवरून घ्या. रेनकोट घोडीवर बसल्या बसल्या कधीही चढवू नका. दोन्ही हात बाहीत अडकलेले, लगाम सुटलेला आणि पाठीवर मोठा आवाज करत फुगलेलं प्लास्टिक, यापेक्षा वाईट अवस्था स्वाराची होऊ शकत नाही. उतरा, तिला कोट दाखवा, हुंगू द्या, मग घाला. आणि डोक्याला हेल्मेट हवंच. फेट्याने शोभा येते, डोकं वाचत नाही.

रस्ता निवडताना येण्याचा विचार आधी करा. घराकडे तोंड वळलं की कुठलीही घोडी घाईला येते. त्यात वारं पाठीमागून असेल तर शेपटी पायांत येते आणि घाईचं पळणं व्हायला वेळ लागत नाही. म्हणून जमेल तेव्हा येताना वारं तोंडावर राहील असा फेरा ठरवा. बरोबर एखादी शांत, वयस्क घोडी असेल तर फारच चांगलं. घोडी घोडीकडे बघून धीर धरते.

बसल्यावर

घाबरलेल्या स्वाराच्या हाताला आवळण्याची सवय असते. वाऱ्यात नेमकं तेच नडतं. दोन्ही लगाम एकदम खेचून धरले की घोडीला पुढची वाट बंद झाल्यासारखी वाटते आणि ती वर उठते नाहीतर मागे सरते. हात खाली ठेवा, लगाम आखूड असू द्या पण ओढून धरू नका. रिकिबीत टाचा खाली, बैठक खोल, श्वास पोटातून सोडा. बोलत राहा. काय बोलता ते महत्त्वाचं नाही, एकसारखा ओळखीचा आवाज कानावर पडत राहिला की तिच्या फिरत्या कानांपैकी एक तरी तुमच्याकडे वळतो. तो कान वळला की अर्धं काम झालं.

तिला नुसतं सरळ चालवण्यापेक्षा काम द्या. मोठा गोल, मग छोटा गोल, चार पावलं चाल, थांब, पुन्हा चाल, या झाडाला वळसा, त्या दगडाला वळसा. डोकं कामात गुंतलं की पाय आपोआप सावकाश होतात. भीतीच्या वस्तूकडे तिचं तोंड सरळ करून उभं राहायला लावू नका. थोडं अंतर ठेवून तिरकं चालवत न्या, तोंड वस्तूपासून किंचित बाहेर वळवलेलं, तुमचा त्या बाजूचा पाय अंगाला लागलेला. ती थांबून बघू लागली तर बघू द्या. पळू लागली तरच आवरा. बुजल्याबद्दल चाबूक मारला तर तिच्या मनात एकच गोष्ट पक्की होते. त्या वस्तूजवळ खरंच दुखतं, ही.

उधळायला लागली तर दोन्ही हातांनी ओढण्यात उपयोग नाही. तिची ताकद तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. एक हात अयाळीवर घट्ट टेका आणि दुसऱ्या हाताने एकच लगाम धर-सोड, धर-सोड करत तिचं तोंड हळूहळू गुडघ्याकडे आणा, म्हणजे ती गोलात येते आणि गोल लहान होत गेला की वेग उतरतो. हे दुडकीवर किंवा उधळण्याच्या सुरुवातीलाच करायचं. भरधाव असताना, उतारावर किंवा डांबरी रस्त्यावर एकदम तोंड वळवलं तर घोडी पाय अडखळून आडवी होते. तिथे मोठा गोल घ्या किंवा चढाची बाजू धरा. हा उपाय वारं नसलेल्या दिवशी चालीवर, दोन्ही हातांनी, पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडलेला असेल तरच वेळेला सुचतो.

आणि उतरणं ही हार नव्हे. घोडी हाताबाहेर जाईल असं वाटलं तर ती जाण्याआधीच उतरा, तिच्या डाव्या खांद्याशी चाला, अवघड जागा ओलांडा आणि मन झालं तर पुन्हा बसा.

घाटातली बारी

घाटाचा प्रश्न इतर सगळ्यांहून अवघड आहे. तिथे घोडीच्या मागे बैल भरधाव येतात, दोन्ही बाजूंना माणसं दाटलेली असतात, भंडारा उधळला जातो, शिट्ट्या आणि ‘भिर्रर्र’ चालू असतं आणि सगळा खेळ काही सेकंदांचा. बैल घोडीच्या मागे पळतात, म्हणून घोडी बुजून माणसांत घुसली तर बैलही त्याच अंगाला येतात. त्यामुळे वाऱ्याच्या दुपारी घोडीचं बुजणं हा एकट्या स्वाराचा प्रश्न राहत नाही.

माझं यात्रा कमिटीला एवढंच मागणं आहे, की घोडीवाल्याने ‘आत्ता नको’ म्हटलं तर ते ऐकण्याची पद्धत पाडा. झोताचं वारं बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिनिटांत ओसरतं किंवा पाऊस पडून निवतं. तेवढा वेळ बारी थांबवली तर काही बिघडत नाही, टोकन पुढे-मागे करता येतात. निशाणाजवळचे मोठे फ्लेक्स आणि कापडी कमानी घट्ट आवळून घ्या, त्यांना मध्ये मध्ये चिरा पाडा म्हणजे वारं निघून जातं. घाटाच्या वरच्या अंगाला, जिथे घोडीला थांबायचं असतं, तिथे फडफडणारं काहीही नसावं. भोंगे घोडी उभी राहते त्या बाजूला तोंड करून लावू नयेत. निवेदकाने वारं उठलं की लोकांना बारीच्या रेषेपासून मागे हटवावं.

घोडीवाल्यांनी बारीच्या आधी घोडी घाटात चालीवर वर-खाली फिरवून आणावी, शक्यतो त्याच दुपारी, कारण सकाळी बांधलेला मांडव आणि वारं सुटल्यावरचा मांडव यांत फरक असतो. बारी लागेपर्यंत तिचा पार्श्वभाग वाऱ्याकडे करून उभी करा, घोड्यांची ती मूळचीच सवय आहे. एखादा टेम्पो आडोशाला मिळाला तर उत्तम. सर्वोच्च न्यायालयाच्या १६ डिसेंबर २०२१च्या आदेशाने शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला, तो नियमांच्या आधारावर. परवानगीच्या पत्रात काय अटी आहेत, घोडीबाबत काय म्हटलंय, हे कमिटीने आणि घोडीवाल्याने दोघांनी वाचलेलं असावं.

वरातीतली घोडी त्या मानाने सावकाश चालते, पण पाठीवर बसलेला नवरदेव बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच बसलेला असतो आणि पुढ्यात बऱ्याचदा लहान पोर. घोडीला झालर, माळा, गोंडे लावलेले असतात, वाऱ्यात ते तिच्याच डोळ्यांवर आपटतात. वारं असेल त्या दिवशी सजावट कमी करा, पोर बसवू नका, कागदाचे तुकडे उडवणारी तोफ आणि फटाके घोडीपासून लांब ठेवायला आधीच बजावून सांगा. एक माणूस डाव्या खांद्याशी, दुसरा उजवीकडे हवाच. झोत आला आणि ती थरथरायला लागली तर नवरदेवाला खुशाल उतरवा. चार पावलं चालत गेल्याने कुणाची शान जात नाही.

सराव आधीचा

वाऱ्याला सरावलेली घोडी बघायची असेल तर दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेल्या धनगरांचा तांडा बघा. २०२३ साली भीमथडी म्हणून स्वतंत्र जात नोंदली गेली ती हीच दख्खनी घोडी. पाठीवर बिऱ्हाड लादलेलं, घोंगड्यांची टोकं उडतायत, वर कोंबडी बांधलेली, आणि घोडी मान खाली घालून मेंढरांच्या मागे चाललेली. ती जन्माला आल्यापासून उघड्यावर आहे, फडफडणारं ओझं तिने आईच्या पाठीवर पाहिलेलं असतं. पागेत बंद वाढलेल्या घोडीला हे मिळत नाही, म्हणून ते आपल्याला द्यावं लागतं.

सुरुवात वारं नसलेल्या संध्याकाळी करा. युरियाच्या रिकाम्या गोणीचा तुकडा काठीला बांधून एका माणसाने घोडीच्या पुढे, तिच्यापासून दूर जात चालावं आणि तुम्ही तिला मागून न्या. पळणारी वस्तू आपल्याला भिते असं घोडीला वाटतं आणि तिचं कुतूहल जागं होतं. दोन-चार दिवसांत ती स्वतःहून तोंड पुढे करून हुंगायला जाते. मग ती उभी असताना तुकडा दुरून हलवा. ती हलली तर हलवणं चालू ठेवा पण जवळ नेऊ नका, ती थांबली की त्याच क्षणी काठी खाली करा. शांत उभं राहिलं की त्रास थांबतो, हे तिला कळलं पाहिजे. मग मानेला, पाठीला, दोन्ही बाजूंनी. रोज दहा मिनिटं पुरे, ती कंटाळायच्या आत थांबायचं. पुढे कुंपणाला एखादी साडी कायमची बांधून ठेवा, म्हणजे वारं स्वतःच सराव करून घेतं.

पागेचं तोंड पश्चिमेला ठेवू नका, त्या बाजूला भिंत किंवा निदान कुडाचा आडोसा हवा. पत्रे मे महिन्यातच तपासून हुकांनी आवळून घ्या. रात्रभर पत्रा आपटत राहिला तर सकाळी घोडी थकलेली आणि चिडकी मिळते. बाहेर बांधताना ओढल्याबरोबर सुटेल अशी गाठ मारा. गुलमोहर, नीलगिरी यांच्या फांद्या वाऱ्यात पटकन मोडतात, त्यांच्याखाली बांधू नका.

वाऱ्या-पावसामुळे घोडी दोन-चार दिवस ठाणावरच राहिली तर चंदी कमी करा आणि वैरण वाढवा. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन जुन्नरला आला आणि पावसाळाभर इथेच राहिला. इकडे घोड्यांना हरभरा आणि साखर-तेलातली खिचडी चारतात असं त्याने लिहून ठेवलं आहे. कामाच्या घोडीला तसला खुराक ठीक. पण न पळवता भरपूर दाणा दिला की अंगात साचलेली रग पहिल्याच वाऱ्याच्या दिवशी बाहेर पडते, आणि बसून राहिलेल्या घोडीला एकदम कामाला काढलं की मागचे पुठ्ठे आखडून ती जागेवर अडकून पडण्याचा धोका असतो. वैरण चघळत राहिली की ती शांतही राहते आणि ऊबही धरते. उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यात घाम दिसायच्या आत सुकतो, त्यामुळे घोडी घामेजली नाही म्हणून पाणी कमी पाजू नका. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी तिला एरवीही लागतं.

परत आल्यावर आधी डोळे बघा. धुरळ्याच्या दिवशी स्वच्छ, उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ फडकं भिजवून कडा पुसा, नाकपुड्याही पुसा. एक डोळा मिटून धरला असेल, पाणी वाहत असेल, बुबुळावर निळसर धुकं दिसत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा. तोवर घरात माणसांसाठी आणलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर ओरखडा असेल, तर डोळा जाऊ शकतो. डॉक्टर येईपर्यंत घोडी अंधाऱ्या, वारं न लागणाऱ्या जागी बांधा आणि ती डोळा खांबाला घासणार नाही एवढी आखूड म्होरकी ठेवा.